धरमपेठेतील जाहिरातलेखनाचा वर्ग : पदवीच्या जोडीने केला तरच उपयोगी

नागपुरात पदवीचे शिक्षण घेत असताना जाहिरात क्षेत्राची तयारी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी धरमपेठेत एका खासगी संस्थेत शनिवार-रविवारी जाहिरातलेखनाचा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. माझ्या भाचीने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो पूर्ण केला. मी स्वतः या शहरात बरीच वर्षे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे काम करीत असल्यामुळे तिच्या गृहपाठावर माझे सतत लक्ष होते आणि पालकांसाठी खुल्या असलेल्या सत्रांना मागच्या बाकावर बसून मी ऐकलेही आहे. संस्थेचे नाव येथे देत नाही. वर्ग लहान आहे, दोनच माणसे तो चालवतात, आणि पुढे ज्या उणिवा मांडणार आहे त्या अशा प्रकारच्या इतर वर्गांतही आढळतात.

माझे मत आधीच सांगून टाकते. शनिवारची तपासणीची सत्रे उत्तम आहेत आणि केवळ त्यांच्यासाठी शुल्क भरायला हरकत नाही. परंतु उरलेला अर्धाअधिक अभ्यासक्रम हा विद्यापीठात आणि महाविद्यालयात जवळजवळ फुकट मिळणाऱ्या गोष्टींची घाईघाईने केलेली उजळणी आहे, आणि महाविद्यालयाकडे पाठ फिरवून येथे येणाऱ्या मुलांचे त्यात नुकसान होते.

शनिवारी दुपारी आठवडाभराच्या कामाची तपासणी होते. प्रत्येकाने आपला मजकूर छापून आणायचा आणि मोठ्याने वाचायचा, अशी शिस्त आहे. सर प्रतीवर लाल पेनाने खुणा करीत ऐकतात आणि वाचन संपले की प्रश्न विचारतात. हे प्रश्न आधी वस्तूविषयी असतात, मग ग्राहकाविषयी, आणि शब्दांकडे ते सर्वांत शेवटी वळतात. एका आठवड्यात गोकुळपेठेतील कूलर दुरुस्तीच्या दुकानासाठी वीस सेकंदांचा रेडिओ स्पॉट लिहायचा होता. भाचीचा पहिला मसुदा ‘रणरणत्या उन्हाळ्यात आपल्या कुटुंबाला द्या गारव्याचा सुखद अनुभव’ असा सुरू होत होता. सरांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावले. वीस सेकंद उलटून गेले तरी दुकानाचे नाव आले नव्हते. वीस सेकंदांत मराठीचे साधारण चाळीस-पंचेचाळीस शब्द नीट ऐकू येतील असे बसतात, हे त्या दिवशी वर्गातील सर्वांना कानांनी कळले. त्यानंतर सरांनी तिला एकच काम सांगितले : दुकानात जाऊन बसायचे, काही लिहायचे नाही, फक्त ऐकायचे.

दुकानदाराने तिला जे सांगितले ते असे : “मार्चात कोणी फिरकत नाही जी. पारा चढला की सारे एकदमच येतेत, अन् मग माझ्याजवळ माणूस नसतो.” पुढच्या शनिवारी तिने वाचलेला मसुदा ‘कूलरच्या ताट्या मार्चमध्येच बदला. मे महिन्यात मिस्त्री फोन उचलत नाही’ या दोन वाक्यांनी सुरू झाला. त्यापाठोपाठ दुकानाचे नाव, चौक आणि फोन नंबर दोनदा, इतकेच. जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो त्या शहरात गारवा हवासा वाटतो हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पण मे महिन्यात मिस्त्री मिळत नाही हा प्रत्येक घरचा अनुभव मार्च महिन्यात कोणाच्या ध्यानात नसतो, आणि दुकानदाराचे हित नेमके तेवढी आठवण करून देण्यात आहे. जाहिरात काय सांगण्यासाठी लिहायची, हे इतक्या स्वच्छपणे शिकवणारी माणसे या व्यवसायातही फार भेटत नाहीत. हे काम पाहून मला मनापासून आनंद झाला.

दुसरे उत्तम सत्र वर्गाबाहेर झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे इडापीडेचे प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत विद्यार्थ्यांना नेण्यात आले. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगितले जाते, आणि त्यांच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांवर, म्हणजे लहान पुतळ्यांवर, त्या त्या वर्षाच्या प्रश्नांवरचे फलक लावलेले असतात : महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांवरचे खड्डे. काम असे होते की फलकांवरील मजकूर टिपून घ्यायचा आणि गर्दीत धक्के खात चाललेल्या माणसाला त्यातला कोणता एका नजरेत कळला ते पाहायचे. दुचाकीवरून जाणाऱ्याने होर्डिंग वाचावे अशी अपेक्षा असते तेव्हा हीच कसोटी लागते. ज्या फलकांवर चार ओळींपेक्षा जास्त मजकूर होता ते कोणाच्याही लक्षात राहिले नाहीत, आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या चालीवर बेतलेले फलक लोक स्वतःहून मोठ्याने म्हणत होते. परदेशी होर्डिंगांची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्याऐवजी आपल्याच शहरातील शतकाहून जुन्या लोकलेखनाकडे मुलांना नेणे ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना माझा नमस्कार.

येथवर जे लिहिले ते शनिवारचे आणि मिरवणुकीचे. रविवारविषयी इतके चांगले लिहिता येत नाही.

रविवारी ग्राहक-मानसशास्त्र, माध्यमांचे नियोजन, डिजिटल साधने आणि ‘पर्सनल ब्रँडिंग’ हे विषय होतात. ग्राहक-मानसशास्त्र म्हणजे पडद्यावर एक पिरॅमिड आणि काही रंगांचे अर्थ. जे विद्यार्थी महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेऊन बसलेले असतात त्यांना हे सारे कितीतरी अधिक खोलात शिकवले जाते, आणि बाकीच्यांना येथे जेमतेम नावे कळतात. डिजिटल साधनांच्या तासांना तयार टेम्प्लेटमध्ये मजकूर भरण्याचा सराव होतो, जो कोणीही घरी एका सायंकाळी करू शकतो. माध्यमांच्या नियोजनाची तर मला काळजीच वाटली. वर्तमानपत्रातील जागा चौरस सेंटिमीटरने विकली जाते, रेडिओवरील वेळ दहा सेकंदांच्या एककाने मोजली जाते, रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्यासाठी वा प्रसारित करण्यासाठी माध्यमाला पाठवायचा लेखी आदेश, काय असते आणि ती वेळेवर न गेल्यास काय घडते, यांपैकी काहीही मुलांना नीट समजावले गेले नाही. नागपुरातील जाहिरात संस्थांमध्ये नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात याच गोष्टी कराव्या लागतात. येथील काम मुख्यतः सराफ, बांधकाम व्यावसायिक, रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि सणासुदीचे सेल यांचे असते, आणि अर्धपानाची जाहिरात पावपानात बसवताना कोणती ओळ काढायची हा निर्णय लेखकालाच घ्यावा लागतो.

रेडिओच्या तासाला एक गोष्ट सांगायला हवी होती ती राहून गेली. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. आकाशवाणीवरील जाहिरात देशात सर्वांत आधी ज्या शहरांनी ऐकली त्यांत आपले शहर आहे, हे येथील मुलाला ठाऊक असेल तर मुंबईला मुलाखतीला जाताना तो थोडा ताठ मानेने जाईल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या वर्गात प्रवेश घेतलेल्या काही मुलांनी महाविद्यालयात जाणे जवळपास थांबवले होते. रविवारी शिकवणारे एक पाहुणे ‘या क्षेत्रात पदवी कोणी विचारत नाही’ असे वारंवार सांगत, आणि मुले ते खरे मानून एटीकेटी साठवत राहिली. हे सांगणे अर्धवट आहे आणि म्हणून घातक आहे. छोट्या संस्थेत काम पाहून नोकरी मिळते, हे खरे. पण पुढे जाहिरात आणि विपणन शिकवणाऱ्या अहमदाबादच्या ‘मायका’सारख्या संस्थेत किंवा भारतीय जनसंचार संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे झाल्यास पदवी लागतेच, आणि भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र तर आपल्या शेजारी अमरावतीलाच आहे. त्याहून मोठे कारण असे की जाहिरात लिहायला जे साहित्य लागते, म्हणजे माणसे, भाषा, बाजार आणि आकडे यांची समज, ते गोळा करण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोकळी जागा पदवीची वर्षे हीच आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची आहे, आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांना आपल्या हाताशी काय आहे याची कल्पना नसते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक दिलेले आहेत. मुले यांकडे कटकट म्हणून पाहतात. क्षेत्रीय प्रकल्पाची प्रश्नावली मित्राकडून उतरवून घेतली जाते आणि ट्रेनिंगसाठी ओळखीच्या दुकानाचे प्रमाणपत्र आणून जमा केले जाते. कूलरच्या दुकानात बसून माझ्या भाचीने जे केले तोच क्षेत्रीय प्रकल्प आहे. फरक इतकाच की महाविद्यालयात त्यासाठी मार्गदर्शन करणारे प्राध्यापक आहेत, नमुना कसा निवडावा आणि प्रश्न कसा विचारला म्हणजे उत्तर आपल्याला हवे तसे वळत नाही हे शिकवणारा पेपर आहे, आणि वर श्रेयांक मिळतात. ऑन जॉब ट्रेनिंग एखाद्या जाहिरात संस्थेत किंवा वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात करण्याची परवानगी मागितली तर महाविद्यालये सहसा नाही म्हणत नाहीत. आमच्या कार्यालयात महाविद्यालयाचे पत्र घेऊन आलेल्या मुलाला बसायला जागा आणि थोडे काम लगेच मिळते. खासगी वर्गाचे प्रमाणपत्र पाहून असे कधी घडलेले मला आठवत नाही.

स्नेहसंमेलनाच्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणे हे काम तर मी प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याला सक्तीचे केले असते. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर दुकानामागून दुकान चढायचे, मालक गिऱ्हाईक सोडून आपल्याकडे पाहील तोवर थांबायचे, ‘किती लोक वाचतील?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे आणि तरीही पावपानाची जाहिरात घेऊन बाहेर पडायचे. मग लोगो म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला धूसर फोटो येतो, मजकूर तीनदा बदलतो, छपाईच्या आदल्या रात्री मालकाला आपल्या वडिलांचा फोटोही त्यात हवा असतो, आणि अंक छापून झाल्यावर पैशांसाठी पुन्हा पायऱ्या चढाव्या लागतात. क्लायंट सर्व्हिसिंग, म्हणजे जाहिरातदाराला सांभाळण्याचे काम, दुसरे काय असते? या वर्गात त्या विषयावर एक तास झाला, आणि त्यात ‘ग्राहकाशी नाते जपा’ यापलीकडे फारसे काही सांगितले गेले नाही.

युवा महोत्सवाचेही तसेच. पोस्टर, कोलाज, प्रहसन, मूकाभिनय या स्पर्धा म्हणजे मोजक्या वेळात मोजक्या साधनांनी एक गोष्ट पोहोचवण्याचा सराव आहे, आणि तेथून ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत जाता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात खेड्यातील घरांत जाऊन बोलण्याची संधी मिळते. शहराबाहेरचा ग्राहक साबण, बियाणे किंवा मोबाइलचे रिचार्ज कोणाच्या सल्ल्याने घेतो हे तेथे पाहायला मिळते, आणि वातानुकूलित खोलीत बसून ते कधीच कळत नाही. विदर्भ साहित्य संघ, जो विद्यापीठाप्रमाणेच १९२३ मध्ये स्थापन झाला, सीताबर्डीला आहे. वर्गातील मुलांपैकी फारच थोड्यांनी त्याची पायरी चढलेली होती. जाहिरातीच वाचून जाहिरात लिहिणाऱ्याची भाषा फार लवकर आटते. या मुलांचे मराठी आणि हिंदी दोन्ही कान तयार असतात, ही नागपूरची देणगी आहे, तरीही वर्गातील निम्म्याहून अधिक टॅगलाइन इंग्रजीत लिहून घेतल्या जात होत्या. देशभर चालणाऱ्या मोहिमांच्या मराठी आवृत्त्या अवघडलेल्या आणि परक्या वाटतात अशी आपण सर्वजण तक्रार करतो. त्या सुधारण्याचे काम ज्यांना सहज जमेल अशी मुले येथे समोर बसलेली आहेत, आणि त्यांच्याकडून तसा सराव कोणी करून घेत नाही.

आणखी एक गोष्ट मला विशेष खटकली. वर्गात सगळे लेखकच आहेत. जाहिरात लेखक आणि चित्रकार अशा जोडीने तयार होते, आणि नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्यातला एखादा जोडीदार शोधून काढला तर दोघांचाही पोर्टफोलिओ उजळतो. संस्थेने हा दुवा कधी जोडला नाही. भाचीने तो युवा महोत्सवात ओळख झालेल्या एका मुलीच्या मदतीने स्वतःच जोडला, आणि तिच्या पोर्टफोलिओतील जी दोन-तीन पाने पाहून मी थांबले ती या दोघींनी मिळून केलेली आहेत.

पोर्टफोलिओविषयी संस्थेचा आग्रह असा की त्यात नामांकित बूट, शीतपेये आणि मोबाइल यांच्या काल्पनिक जाहिराती असाव्यात. माझे मत वेगळे आहे. ज्या ब्रँडवर देशातील उत्तमोत्तम लेखकांनी काम केले आहे त्यांच्यासाठी एकोणीस वर्षांच्या मुलाने लिहिलेली आणखी एक ओळ पाहून मुलाखत घेणाऱ्याला त्याच्याविषयी काही कळत नाही. कूलरचे दुकान, स्मरणिकेतील पावपान, सेवा योजनेच्या शिबिरासाठी केलेले भित्तिपत्रक, आणि प्रत्येकासोबत ‘अडचण काय होती आणि हे का सुचले’ याची चार वाक्ये, अशी सात-आठ कामे असतील तर मी त्या मुलाला बोलावते.

कायद्याचा विषय अभ्यासक्रमात नाहीच, आणि ही उणीव मी गंभीर मानते. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. जाहिरात क्षेत्राने स्वतः उभी केलेली ‘अ‍ॅस्की’ ही स्वयंनियमन संस्था १९८५ पासून काम करते. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आयुर्वेदिक तेले, गुडघेदुखीचे उपाय आणि हमखास यशाचे शिकवणी वर्ग यांची कामे दारात येतात तेव्हा कोणता दावा छापू नये हे लेखकाला माहीत असलेच पाहिजे. वाणिज्य किंवा विधी शाखेत शिकणारा मित्र यातले बरेच समजावून देऊ शकतो. अशा परिस्थितीत संस्थेच्या स्वतःच्या पत्रकावर ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे छापलेले पाहून मला वाईट वाटले. प्रत्यक्षात काही मुलांना इंटर्नशिप मिळाल्या, त्याही चांगल्या ठिकाणी. तेवढेच प्रामाणिकपणे लिहिले असते तरी प्रवेश झालेच असते. सत्राच्या शेवटी मी चालकांशी याविषयी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या पत्रकातून ती ओळ काढण्याचे मान्य केले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते, खोली स्वच्छ आणि थंड आहे, मुलींना सायंकाळी उशिरापर्यंत थांबवून ठेवत नाहीत. शुल्क अनुदानित महाविद्यालयातील वर्षभराच्या शुल्कापेक्षा बरेच अधिक आहे, मात्र हप्ते पाडून देतात. बुडालेल्या शनिवारची भरपाई होत नाही, आणि ती होऊ नये असेच माझे मत आहे, कारण तपासणीच्या वेळी दुसऱ्यांच्या चुका ऐकण्यातच अर्धे शिक्षण होते. परीक्षेच्या काळात मात्र गृहपाठ कमी करायला हवा. तो केला जात नाही, आणि महाविद्यालय सोडून देण्याचा मोह मुलांना तेव्हाच होतो.

बारावीनंतर लगेच येथे येऊ नये असे मी सुचवेन. पहिले वर्ष महाविद्यालय, ग्रंथालय, महोत्सव आणि शिबिर यांना द्यावे, दुसऱ्या वर्षी हा वर्ग करावा, आणि तिसऱ्या वर्षी हातात जे जमले असेल ते घेऊन ट्रेनिंगसाठी एखाद्या कार्यालयाचे दार ठोठवावे. शुल्क भरण्यापूर्वी एका शनिवारी मागे बसून ऐकू देण्याची विनंती करावी. हे चालक ती मान्य करतात. जुन्या विद्यार्थ्यांचे लाल पेनाने तपासलेले मसुदेही त्यांच्याकडे जपून ठेवलेले आहेत. ते मागून पाहावेत, पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवून वाचावेत, आणि त्यानंतरच पहिला हप्ता भरावा.